कान्हेरीची पोढी आणि यवनाक्षरें

बोरिवलीस उतरून राष्ट्रीय उद्यानांतून कान्हेरीस जाणारे बहुतेक लोक चैत्यगृह आणि तेथील उंच बुद्धमूर्ति पाहून परततात. पाण्याच्या पोढ्यांकडे फारसें कोणी वळत नाहीं. वस्तुतः येथील एका पोढीच्या लेखांत दोन राजकुलांची सोयरीक नमूद आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळांतली, एका महाक्षत्रपाची कन्या, असें तो ब्राह्मी लेख सांगतो. पित्याच्या नांवांतील आरंभीचा ‘रु’ तेवढा उरला आहे. त्यावरून तो रुद्रदामा असावा असें विद्वान् मानतात. या सोयरिकीचें नवल समजण्यास थोडें मागें जाऊन एक लहानसें नाणें वाचलें पाहिजे.

१९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें क्षहरात नहपान राजाच्या रुप्याच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा ठेवा सांपडला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं तपासून १९०८ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यांची हकीकत दिली. नाणें जुन्या रुप्याच्या चवलीएवढें. एका अंगास उजवीकडे पाहणारें राजाचें मुख व भोवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या अंगास बाण व वज्र, आणि भोवतीं ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरें.

राजमुखाभोवतीं ग्रीक अक्षरें म्हणजे कांहीं अपूर्वाई नव्हे. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील अंतिओक, अलेक्झांड्रिया या नगरांच्या नाण्यांवरही बादशहाच्या मुखाभोवतीं तींच असत. पण तेथें लिपि ग्रीक, तशी भाषाही ग्रीकच. ‘ऑगस्टस’ या लॅटिन पदवीबद्दल ‘सेबास्तोस’ हा ग्रीक शब्द तेथें वाचावयास मिळतो. नहपानाच्या नाण्यापुढें मात्र ग्रीक कोश उघडून कांहीं उपयोग नाहीं.

अक्षरओळख सोपी आहे. इंग्रजी ‘पी’सारखें दिसतें तें ग्रीकांत ‘र’ होय. ‘सी’सारखें दिसतें तें ‘स’. दोन खांबांवर तुळई टाकल्यासारखें दिसतें तें ‘प’. ‘एच’सारखें अक्षर ग्रीकांत वास्तविक स्वर, पण येथें तें ‘ह’करितां योजिलें आहे. एवढ्या भांडवलावर ओळ लागते ती अशी: ‘रान्निओ क्षहरातस नहपानस’. म्हणजे ‘राजा क्षहरात नहपान याचें’! मागल्या अंगास ब्राह्मींत जें लिहिलें आहे, तेंच पुढें परक्या अक्षरांत. भाषा प्राकृत, मराठीच्या पूर्वजांच्या गोतांतली. कार्ल्यास यवन दाते आपलीं दानें ब्राह्मींत लिहवितात आणि येथें शक राजा प्राकृत ग्रीकांत लिहवितो, ही मौज खरी!

मुलुंडच्या एका नाणीसंग्राहक स्नेह्यांनीं असें एक नाणें माझ्या तळहातावर ठेविलें, तेव्हां राजाच्या गालावर तीन शिखरांचा डोंगर बसलेला दिसला. तो गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप. नहपानाचा पराभव करून त्यानें तीं नाणीं वितळविलीं नाहींत. त्यांवरच आपलें नांव ठोकलें. जोगलटेंभीच्या ठेव्यांत अशीं ९,००० हून अधिक निघालीं. भिंगाखालीं पाहतां डोंगराच्या कडेनें पूर्वीचीं ग्रीक अक्षरें डोकावत होतीं. पुत्रानें क्षहरातांचा वंश निःशेष केला, असें गौतमीपुत्राच्या मातेच्या नाशिक येथील लेखांत अभिमानानें सांगितलें आहे. आणि पुढें त्याच सातवाहन घराण्यांत दुसऱ्या क्षत्रपकुळाची कन्या सून होऊन येते! कान्हेरीची पोढी ती ही.

रुद्रदाम्याचा आजोबा चष्टन. त्याच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांचा अर्थ थोडाबहुत लागतो. पुढें मात्र तो सुटला. ठसे कोरणारांस लिपि येईना, पण कडेला कांहीं असलें पाहिजे हें ठाऊक. म्हणून उभे दांडे आणि वाटोळीं कडीं कोरणें चालू राहिलें. घरोघरच्या मोडी दप्तरांची आज याहून फारशी वेगळी गत नाहीं. आजोबांचें वळण आपण ओळखतों, मजकूर लागत नाहीं. इसवी सन ४०० च्या सुमारास दुसऱ्या चंद्रगुप्तानें क्षत्रपांचें राज्य घेतलें, तेव्हां त्याच्याही रुप्याच्या नाण्यांवर त्या मोडक्या अक्षरांचे अवशेष आले. सहाव्या शतकांतील कलचुरी कृष्णराजाचीं नाणीं खुद्द मुंबई व साष्टी बेटांत सांपडलीं आहेत. त्यांवर राजा उजवीकडेच पाहतो. ग्रीक अक्षरें गेलीं.

परक्या लिपीचा आणखी एक नमुना पाहावयाचा असल्यास कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यापर्यंत चढावें. १००९ व १०२१ सालीं आलेल्या पारशी मंडळींनीं तेथें पहलवींत आपलीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. बरोबर विजेची बत्ती न्यावी आणि ती भिंतीशीं तिरपी धरावी, म्हणजे अक्षरें उठून दिसतात. सोमवारीं लेणीं बंद असतात.