समुपदेशकाला जात ऐकू येते का?

आमच्या बौद्धवाडीत कुणाचं मन ठिकाणावर नसलं की एकच वाक्य ऐकू येतं, "ह्याला रत्नागिरीला न्यायला लागंल." राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यातलं एक आमच्या जिल्ह्याच्या गावी. मालगुंडहून आरे-वारेच्या रस्त्याने काही फार लांब नाही. पण त्या नावाची भीतीच एवढी की झोप लागत नाही, छाती धडधडते, नाक्यावर जावंसं वाटत नाही, एवढ्यासाठी कुणी त्या वाटेला जात नाही. म्हणून मोबाईलवर समुपदेशन मिळतं हे कळलं तेव्हा ते आपल्यासाठीच आहे असं आम्हाला वाटलं. एसटीचं भाडं नाही, रांगेत ओळखीचं कुणी भेटत नाही.

आम्ही म्हणजे अट्रॉसिटीच्या तक्रारींमागे पोलीस ठाणं आणि कोर्टाच्या खेपा घालणारे तिघं-चौघं. एका कुटुंबाच्या वाटेवर कुंपण घातलं गेलं, त्या प्रकरणात आम्ही सहा महिने होतो. त्यानंतर आमच्यातल्या एकाची झोप उडाली. कुणाची ते कशाला सांगायचं, आमचीच समजा. घरात खोल्या दोन, माणसं पाच, आणि रेंज फक्त सड्यावर. तेव्हा पहिलं सेशन सड्यावरच झालं, वाऱ्याकडे पाठ करून, कानात इअरफोन घालून. एका खासगी ॲपवर, पैसे भरून. बाई मऊ बोलणाऱ्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही फार मनाला लावून घेता. आजकाल जात कोण मानतं?" आणि श्वासाचा व्यायाम दिला.

श्वासाशी आमचं वैर नाही. आनापान आमच्या विहारातही चालतं. पण ज्याच्या वाटेत कुंपण आहे त्याला नुसता श्वास मोजायला सांगणं म्हणजे कुंपण तुझ्या डोक्यात आहे असं सांगणं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये दुःखाचा विचार माणसाने माणसाशी केलेल्या अन्यायापर्यंत नेला, तो उगाच नाही. रोहित वेमुला 2016 साली गेला, डॉ. पायल तडवी 2019 साली. त्यांच्या मागे 'मानसिक ताण' हे दोन शब्द चिकटवून मोकळं होणारे आपण पाहिले आहेत. ताण होताच. पण तो कुणी दिला?

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आपल्या तरुणांनी वाचावा. त्याचं कलम 18 सांगतं की सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे आणि त्यात जातीवरून भेदभाव चालणार नाही. कायद्यात 'जात' हा शब्द आहे. समुपदेशकांच्या प्रशिक्षणात तो किती तास असतो, हा प्रश्न आपण विचारायला हवा. आपली मुलं समाजशास्त्र घेतात, एमएसडब्ल्यू करतात. मानसशास्त्राकडे फार थोडी वळतात. पडद्याच्या पलीकडच्या खुर्चीवर आपलं माणूस कधी बसणार?

आता थोडं आपल्या घरातलं. आमची झोप उडाली तेव्हा चळवळीतल्याच एका ज्येष्ठाने सुनावलं, "आंबेडकरी माणूस असा खचत नसतो." हे वाक्य त्या बाईंच्या वाक्याहून जास्त लागलं. 1917 साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाबासाहेबांना बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ते लिहितात की अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं. त्यांनी हे लपवलं नाही. मग आपण कुणासमोर दगड होऊन दाखवतोय?

पुढे आम्ही 14416 लावला. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या माणसाला आम्ही सुरुवातीलाच सांगितलं : आम्ही बौद्ध आहोत, अट्रॉसिटीचं काम करतो, ह्या दुखण्याचं मूळ जातीत आहे, त्यावर बोलायचं असेल तर पुढे जाऊ. क्षणभर तो गप्प. मग म्हणाला, "मला ह्यातलं फार माहीत नाही. तुम्ही सांगा, मी ऐकतो." आम्हाला तेवढं पुरलं. सगळ्यांना असा माणूस भेटेलच असं नाही. नाही भेटला तर फोन ठेवून पुन्हा लावायचा, त्यात अपराध कसला? मात्र औषधाची गरज आहे असं कुणी सांगितलं तर डॉक्टरकडे जायचं, तिथे स्वाभिमान आड आणायचा नाही.

सड्यावर पावसाळ्यात कोण बसणार, म्हणून विहाराच्या मागची सतरंज्या ठेवायची खोली आम्ही रिकामी केली. मुंबईकरांनी वायफायचे पैसे दिले. किल्ली वाडीतल्या एका ताईकडे असते, ती कुणाला काही विचारत नाही. परवा एक पोरगा आत तासभर होता. एक आजी पायरीवर फुलं निवडत बसली होती, तिने विचारलं, "कोन बोलतंय आत?"

ताई म्हणाली, "असंल कोनीतरी."

"बरं. मंग लाऊडस्पीकर लावू नका आताच."