वाघूरच्या कड्यातला लाल पट्टा

अजिंठ्याच्या लेण्यांसमोर वाघूर नदी नालेच्या आकाराचं वळण घेते. पलीकडच्या व्ह्यू पॉइंटवरून पाहिलं की काळ्या कड्यात मध्येच आडवा, विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. फर्दापूरकडे उतरणाऱ्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे, तिथे तर असा थर हाताला लागतो. शाळेत भूगोल शिकवत असताना सहलीच्या मुलांना मी तो दाखवायचो आणि सांगायचो, हा तांबडा वालुकाश्म. नदीने वाळू आणून टाकली, ती दबून दगड झाली. मुलं लिहून घ्यायची. एका मागून एक तुकड्यांनी हे लिहून घेतलं.

माहिती नव्हती म्हणून चुकलो, असं म्हणायची सोय मला नाही. मराठवाड्याचा दगड लाव्हारसाचा आहे, हे त्याच मुलांना मी वर्गात शिकवत होतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर तो बेसाल्ट पसरलेला आहे, हे मला पाठ होतं. मग या थरांच्या मध्ये लाल वाळू कुठून आली? हा प्रश्न मला पडला नाही, कारण त्याआधी मी बदामी पाहून आलो होतो. अगस्त्य तीर्थाच्या काठचे ते लाल कडे डोक्यात पक्के बसले होते. लाल कडा आणि शेजारी पाणी दिसलं की झाला वालुकाश्म! बदामीच्या दगडावर बोट फिरवलं तर वाळूचे कण खरखरीत लागतात, वाहत्या पाण्याने वाळू लोटल्याच्या तिरप्या रेघाही ओळखू येतात. अजिंठ्याच्या पट्ट्यावर मी कधी बोट फिरवलंच नव्हतं. खिशात भिंग असायचं, पण ते निघायचं झिओलाइटचे स्फटिक दाखवायला.

चूक उघडी पडली ती सिल्लोड तालुक्यात, चुलतभावाच्या शेतात. विहिरीचं काम चालू होतं. वर मुरूम, त्याखाली बारीक भोकांचा मांजऱ्या खडक, मग हातभर जाडीचा लाल थर आणि खाली पुन्हा काळा पाषाण. मी म्हणालो, "इथून पूर्वी नदी वाहत असणार." खोदकाम करणारे मामा वर आले. "गुरुजी, हा गेरू आहे. आपल्याकडं विहिरी-विहिरीत लागतो. तेवढ्या नद्या कुठून आणायच्या?" त्यांनी एक ढेकूळ पाण्याच्या बादलीत टाकलं. बुडबुडे आले, कडा सुटल्या, थोड्याच वेळात तळाशी नुसता लाल गाळ उरला. तो गाळ मी बोटांत चोळला. एकही कण लागला नाही; मेणचट चिकणमाती होती, आणि तिचा रंग हात धुतल्यावरही नखांत राहिला.

मग मी खाली उतरून तो थर नीट पाहिला. वरची कड सुरीने कापावी तशी सरळ, आणि तिथली माती टणक, भाजल्यासारखी. खालची कड मात्र सापडेना. लाल माती हळूहळू कुजक्या खडकात आणि तो खडक काळ्या पाषाणात मिसळत गेला होता. सगळी हकिकत तिथेच होती. लाव्ह्याचा एक थर निवून उघडा पडला, ऊनपावसाने त्याचा वरचा भाग कुजला, त्यातलं लोह गंजून लाल झालं, काही ठिकाणी ज्वालामुखीची राखही मिसळली. पुढच्या लाव्ह्याने ती माती भाजून झाकून टाकली. म्हणजे तो पट्टा ही एके काळची उघडी जमीन. वाघूर फार नंतरची. तिने हे थर कापून फक्त उघडे केले, आणि मऊ गेरू लवकर झिजत असल्याने वरचा पाषाण आधार सुटून कोसळतो, कडा सरळ उभा राहतो.

अजिंठ्याच्या चित्रांमधला तांबडा आणि पिवळा रंग गेरूच्याच जातीच्या मातीचा आहे. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द अफगाणिस्तानाकडून यायचा. हे मी मुलांना कौतुकाने सांगायचो, आणि तिथेच कड्यातल्या लाल मातीला वाळू म्हणायचो. पुढच्या तुकड्यांना मी ढेकूळ पाण्यात टाकून दाखवू लागलो. आधीच्या वह्यांचं काय करणार? त्यातले काही जण आता स्वतः शिक्षक आहेत. दोघातिघांना फोन करून सांगितलं, बाकीच्यांपर्यंत पोहोचता आलं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली, आणि ती माझ्या पैशाने झाली नाही. त्या विहिरीत गेरूच्या वरच्या अंगाने पाझर होता. नवं कळलेलं डोक्यात ताजं होतं. मी भावाला म्हणालो, ही चिकणमाती पाणी अडवून धरते, हिच्या खाली आणखी साठा असेल, तळातून बोअर घे. चिकणमाती पाणी अडवते एवढं खरं होतं. खालच्या पाषाणात भेगा असतील तरच पाणी मिळणार, आणि ओला गेरू ढासळतो म्हणून तेवढ्या भागात केसिंग घालावं लागतं, हे मी कुणाला विचारलं नाही. बोअर पाषाणात बरंच खोल गेलं, कोरडंच. वरून गेरू ढासळत राहिला आणि भोक लाल चिखलाने बुजलं. भाव आल्यावर विकायला ठेवलेल्या कापसाचे पैसे त्यात गेले. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही शिकलेले, म्हणून ऐकलं." ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात मामांच्या सांगण्यावरून त्याने गेरूच्या वर, मांजऱ्या खडकात आडवी बोअरं मारून घेतली. आता फाल्गुनापर्यंत विहिरीला पाणी असतं. त्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं.