तिठ्यावरची कौलारू इमारत

आज तळेऱ्याच्या तिठ्यावर बराच वेळ रेंगाळलो. एका अंगाला विजयदुर्गचा रस्ता, दुसऱ्या अंगाला वैभववाडी, गगनबावडा करत कोल्हापूर, आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग. अशा जागी दुकान रिकामं राहत नाही.

या कौलारू इमारतीत आधी किराणा होता, मग शिंपी, मग एसटीडी बूथ, आता मोबाईलवाला. किराण्याच्या दाराच्या फळ्यांवर आकडे कोरलेले असत, रात्री त्याच क्रमाने त्या खोबणीत सरकवायच्या. शटर आलं नि फळ्या माळ्यावर गेल्या. १९९८ला कोकण रेल्वे पुरी झाली, गाडी वैभववाडीला थांबू लागली. तरी पेठ तगली, कारण एसटी बदलायला माणूस इथंच उतरतो.

रस्ता रुंद झाला, हवाच होता. पण दुकानापुढचा ओटा गेला. गाडीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तेवढी बसायची जागा राखायला हवी होती.