एक वर्ड हवाय!

मासकॉमची डिग्री घेतली की जॉब मिळेलच याची गॅरंटी नसते. पण मित्रमंडळींचं इंग्लिश फुकटात तपासून द्यायची ड्युटी मात्र हमखास लागते. कुणाचा रिझ्युमे, कुणाचा बॉसला पाठवायचा सॉरीचा मेल, कुणाच्या बहिणीचा लग्नाचा बायोडेटा. 'अगं, एक वर्ड हवाय' असा फोन आला की समजायचं, इथे मीटर पडणार नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये असाच एक फोन आला. रात्रीचे साडेदहा वाजलेले. मित्र कॉलेजातला, हिंजवडीत टीम लीड. त्याच्याकडे अप्रेझलचा सीझन आणि माझ्या डोक्यावर सकाळची डेडलाइन.

'टीममध्ये एक मुलगी आहे. कामाला एकदम चोख. पण पटलं नाही की भर मीटिंगमध्ये तोंडावर बोलते. मॅनेजरलासुद्धा! याला काय म्हणतात गं इंग्लिशमध्ये?'

'अ‍ॅग्रेसिव्ह लिही,' मी म्हटलं.

'सही! पार्टी ड्यू.' फोन बंद. दहा सेकंदांत विषय संपला.

आपला घोळ इथेच होतो. शाळेत 'समानार्थी शब्द लिहा' हा एका मार्काचा प्रश्न. स्लिम, थिन, स्किनी सगळे सारखेच. मराठीत मात्र आपण असं फसत नाही. मैत्रिणीला 'सडपातळ झालीस' म्हटलं तर ती कॉफी पाजेल. 'किडकिडीत झालीस' म्हणून बघा! आपण पैसे वाचवले तर ती काटकसर, रूममेटने वाचवले तर तो चिक्कू. इंग्लिशचंही तेच आहे. फ्रूगल म्हणजे शहाणपण, स्टिंजी म्हणजे टोमणा. बर्ट्रांड रसेल या तत्त्ववेत्त्याने १९४८ साली बीबीसी रेडिओवर गंमतीगंमतीत हेच दाखवलं होतं. स्वभाव एकच, पण स्वतःचा असला की 'फर्म', समोरच्याचा असला की 'ऑब्स्टिनेट' आणि जो खोलीतच नाही त्याच्यासाठी आणखी जहाल शब्द.

ती मुलगीही त्या रात्री खोलीत नव्हतीच.

ती मला भेटली सप्टेंबरमध्ये, मित्राच्या घरच्या गणपतीला. उकडीच्या मोदकावर तूप ओतता ओतता गप्पा सुरू झाल्या. 'प्रमोशन लटकलं,' ती सहज सांगावं तसं म्हणाली. 'फीडबॅकमध्ये आलं, टू अ‍ॅग्रेसिव्ह. आता मी मीटिंगमध्ये लॅपटॉपकडे बघत बसते. विचारलं तरच बोलते.'

'पण झालं काय होतं?'

'क्लायंटला दिलेली तारीख जमणारच नाही, एवढंच म्हटलं होतं. दोनदा म्हटलं, म्हणून राग आला असेल. तारीख नंतर चुकलीच.'

मित्र पलीकडून माझ्याकडे बघत होता. मी मोदकाकडे बघत होते. वर तोंड करून बोलायची हिंमत झाली नाही. आमच्या घरात मलाच 'खमकी' म्हणतात आणि मी ते मेडलसारखं मिरवते!

घरी येऊन नेट उघडलं. २०१४ साली 'फॉर्च्यून'मध्ये किएरन स्नायडर यांनी २८ कंपन्यांमधले २४८ रिव्ह्यू तपासून लिहिलेला लेख सापडला. 'अ‍ॅब्रेसिव्ह', म्हणजे खरखरीत, हा शब्द त्यांना १७ वेळा दिसला. १३ वेगवेगळ्या बायकांसाठी. पुरुषांसाठी एकदाही नाही. 'अ‍ॅग्रेसिव्ह' पुरुषांच्या वाट्याला तीनदा आला, पण त्यातल्या दोनदा सल्ला होता की बाबा रे, अजून अ‍ॅग्रेसिव्ह हो! क्रिकेटचा कॅप्टन अ‍ॅग्रेसिव्ह असला की आपण टाळ्या वाजवतो, त्यातलाच प्रकार.

एका शब्दाने प्रमोशन अडलं असं मी म्हणणार नाही. पण जे वरिष्ठ निर्णय घेणार होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तिला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या टेबलावर तिच्याऐवजी माझा शब्द बसला होता.

दोन दिवसांनी मित्राला सांगून तिचा नंबर घेतला आणि फोन केला. सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. ती फोन ठेवेल असं वाटलं.

'मग कुठला शब्द द्यायला हवा होतास?' तिने विचारलं.

माझं उत्तर तयार होतं. 'अ‍ॅसर्टिव्ह. म्हणजे ठाम. दुसऱ्याच्या अंगावर न जाता आपलं म्हणणं मांडणारी. अ‍ॅग्रेसिव्हमध्ये हल्ला आहे, मूळ लॅटिनपासूनच.'

'तोही नको होता,' ती म्हणाली. 'नुसतं लिहायचं ना, तारीख चुकणार हे हिने आधी सांगितलं होतं. त्यात काय खोटं होतं?'

मासकॉमच्या पहिल्या वर्षी आम्हाला हेच घोकायला लावलं होतं. आधी काय घडलं ते लिहा, विशेषणं नंतर. परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिलंही होतं.

मित्राने पुढे वरिष्ठांना मेल करून तारखेचा तो सगळा प्रसंग कळवला. प्रमोशन मात्र त्या वर्षी झालं नाही ते नाहीच. ती मीटिंगमध्ये पुन्हा बोलायला लागलीय, पण पूर्वीइतकी नाही, असं तो सांगतो. हे ऐकलं की अजूनही बोचतं.

या मार्चमध्ये पुन्हा फोन आला. वेळ तीच, रात्री साडेदहाची. 'अगं, एक मुलगा आहे टीममध्ये. जरा... एक वर्ड हवाय.'

'वर्ड राहू दे. त्याने नक्की केलं काय, ते सांग.'

चांगला अर्धा तास गेला. माझी डेडलाइन हुकली. पार्टी अजून ड्यूच आहे.