इमेराथ

जर्मनीतल्या एर्केलेन्सजवळचे इमेराथ हे शेतकऱ्यांचे गाव गार्झवायलरच्या उघड्या खाणीत गेले. अशा खाणीत लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा काढायचा तर वरची माती, शेते, घरे सगळेच खरवडावे लागते. २००६ पासून गावकरी नव्या इमेराथमध्ये राहायला जाऊ लागले. थडग्यांतले अवशेषही उकरून तिकडे नेले. मेलेल्यांचेही पुनर्वसन झाले म्हणायचे! मागे उरले दोन मनोऱ्यांचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले सेंट लॅम्बर्टस चर्च. तिथला शेवटचा मिस्सा ऑक्टोबर २०१३ मध्ये झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये यंत्राच्या जबड्याने मनोरे पाडले. नव्या गावाच्या वाट्याला एक छोटे प्रार्थनाघर आले. शेजारच्या ल्युत्सेराथ गावातून खाणीला विरोध करणाऱ्या आंदोलकांना पोलिसांनी २०२३ मध्ये हुसकावले.