मधलें पाणी

दोन वस्तूंचें एकमेकांशीं जुळतें कीं नाहीं, याचा विचार करितांना आपली दृष्टि त्या दोन वस्तूंवरच खिळलेली असते. त्यांच्या मध्यें काय आहे, हें पाहण्याची आपल्याला फारशी संवय नाहीं. माझा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. विषाणूंशीं माझा संबंध आजवर आला तो तापाच्या रूपानेंच. तथापि गेल्या उन्हाळ्यांत कोंबड्यांच्या एका रोगासंबंधीं मला बरेंच वाचावें लागलें, आणि त्या वाचनानें हा मधल्या गोष्टींचा विचार माझ्या मनांत कायमचा रुजविला.

त्याला निमित्त झाल्या आमच्याकडे अंडीं घेऊन येणाऱ्या एक वृद्ध बाई. छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका खेड्यांत त्यांचें घर आहे. पंचवीस-तीस गांवरान कोंबड्या हीच त्यांची मिळकत, आणि त्या मिळकतीवरच नातीची शाळा. ऐन वैशाखांत एका आठवड्यांत बहुतेक कोंबड्या माना पिरगळून मेल्या. "लस पाजली होती, सर, माझ्याच हातानं," असें त्या पुनःपुन्हां सांगत होत्या. गांवांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, लसच खोटी. दुसरा म्हणे, म्हातारीच अडाणी.

या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझालाही आपल्या लोकांनीं हेंच नांव दिलें होतें. १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें हा कोंबड्यांचा रोग ओळखला गेला, आणि लवकरच तो कुमाऊंतील राणीखेत येथें आढळला. त्यावरून भारतांत त्याला राणीखेत हें नांव पडलें. त्याच्या लशीचा एक प्रसिद्ध वाण मुक्तेश्वरचा. तेथील संशोधनसंस्था १८८९ सालीं आपल्या पुण्यांत जन्मली आणि १८९३ सालीं हिमालयांत गेली; संसर्गजन्य जंतु हाताळावयाचे तर जागा थंड आणि एकांताची हवी, हा त्यामागील विचार. म्हणजे भोंवतालच्या परिस्थितीचें महत्त्व शास्त्रज्ञांना तेव्हांही ठाऊक होतें.

हें वाचीत असतां मला 'फेज' भेटले. फेज म्हणजे जिवाणूंना ग्रासणारे विषाणु. १८९६ सालीं हॅन्किन यानें गंगा-यमुनेच्या पाण्यांत पटकीचे जंतु मरतात असें नमूद केलें. १९१७ सालीं फेलिक्स देरेल यानें अशा भक्षकांचें नामकरण केलें. १९८५ सालीं जॉर्ज स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानें फेजच्या अंगरख्यावर हवा तो प्रथिनाचा तुकडा टांकून दाखविला, आणि २०१८ सालीं त्याला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. याच युक्तीनें मलेशियांतील संशोधकांनीं २००२ सालीं राणीखेतच्या विषाणूला चिकटणारे तुकडे शोधून काढले.

ही निवड कशी होते, तें मोठें रम्य आहे. एका बशींत विषाणु बसवितात आणि वर नाना तऱ्हांचे अंगरखे ल्यालेले कोट्यवधि फेज ओततात. मग साबणासारखें द्रव्य घातलेल्या पाण्यानें पुनःपुन्हां धुतात. ज्यांची पकड सैल, ते वाहून जातात. घट्ट धरणारे तेवढे उरतात. आतां या उरलेल्यांना सोडवावयाचें कसें? त्यांवर आम्ल द्रव ओततात. आम्लानें प्रथिनांवरील विद्युद्भार बदलतात आणि मिठी सुटते. मीठ अधिक झालें तर तेच भार झांकले जातात; उष्णता वाढली तर प्रथिनांची घडीच विसकटते. फेज तोच, विषाणु तोच. बदललें तें मधलें पाणी.

हें वाचतांच मला त्या बाईंची लस आठवली. पाण्यांतून पाजावयाच्या लशींत जिवंत, पण सौम्य केलेला विषाणु असतो. त्यानें पक्ष्याच्या घशांतील पेशींना चिकटलें तरच तिचा उपयोग. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन त्याला मारतें, ऊन त्याला सोसत नाहीं. म्हणून जाणते लोक सकाळच्या गारव्यांत, जंतुनाशकाचा स्पर्श नसलेल्या भांड्यांत, दुधाची पूड घालून क्लोरीन निष्प्रभ केलेल्या पाण्यांत ती देतात. आणि पक्ष्यांना आधीं तासभर तहानेलें ठेवितात, म्हणजे पाणी चटकन संपतें. बाईंनीं टँकरचें, क्लोरीन घातलेलें पाणी पत्र्याच्या पराातींत घेतलें होतें, आणि वेळ भर दुपारची होती. बाटली देणाऱ्यानें यांतील एक अक्षरही त्यांना सांगितलें नव्हतें.

मीं हें सर्व समजावून सांगितलें, तेव्हां त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी लस बी खरी, अन् म्या बी खरी." गेलेल्या कोंबड्या त्यानें परत येणार नव्हत्या, परंतु अडाणीपणाचा डाग पुसला गेला, हें त्यांच्या चेहऱ्यावर दिसलें. मृगाच्या सुमारास त्यांनीं बारा पिलें आणिलीं आणि दुधाची पूड आमच्याच घरून नेली.

तीस वर्षें मी वर्गांत 'हुशार' आणि 'मठ्ठ' हे शब्द ऐकत आलों आहें. उत्तम पुस्तक आणि धडधाकट मुलगा यांचें जुळलें नाहीं, कीं आपण दोहोंपैकीं एकाला दोषी ठरवून मोकळे होतों. घरची भाषा, पोटांतील भूक, भर उन्हांतील तीन कोसांची पायपीट, यांची चौकशी कोणी करीत नाहीं. शास्त्रज्ञ मात्र प्रयोगाच्या वहींत पाण्याची आम्लता, क्षार आणि उष्णता आधीं टिपून ठेवितो, आणि मगच कोण कोणाला चिकटलें तें लिहितो. निकालापूर्वीं पाण्याची नोंद करावी, एवढी शिस्त आम्हां शिक्षकांनीं त्याच्याकडून घेण्यासारखी आहे.