शिवसागरावरील एक दिवस

मोठ्या आगबोटीतून दूरदेशचा प्रवास करून आलेल्या मंडळींस विचारावे, की सर्वांत सुखाचा दिवस कोणता, तर पुष्कळदा अनपेक्षित उत्तर मिळते. ते कोणत्याही प्रसिद्ध बंदराचे नाव घेत नाहीत. ज्या दिवशी बोट कोठेच लागली नाही, सभोवार पाण्याखेरीज काही दिसले नाही आणि करावयासारखे काही उरले नाही, तोच दिवस त्यांच्या स्मरणात घर करून राहिलेला असतो. विमानांचा काळ येण्यापूर्वी मुंबईहून विलायतेस जाणाऱ्यास एडन-सुवेझच्या मार्गाने दोन-तीन आठवडे लागत व असे रिकामे दिवस त्याच्या वाट्यास आपोआप येत. आता ते मुद्दाम पैसे मोजून विकत घ्यावे लागतात.

आम्ही सातारा-सांगलीकडील माणसे पडलो देशावरची. आमच्या वाट्यास नद्या आल्या, समुद्र आला नाही. परंतु सह्याद्रीच्या कुशीत माणसाने निर्माण केलेला एक समुद्र आमच्याच जिल्ह्यात आहे. कोयना धरणाचा शिवसागर तो हा. तेथे जाणारे लोक बहुधा वासोट्यावर चढण्यासाठी जातात; लाँच हे त्यांचे केवळ वाहन. आम्ही असे ठरविले, की किल्ला नको, देऊळ नको, पाहण्याच्या ठिकाणांची यादी नको. एक अख्खा दिवस पाण्यावरच काढावयाचा.

जानेवारीतील दिवस. मंडळी एकंदर अकरा. निम्मी साताऱ्याची, निम्मी सांगलीची. सांगलीकर आदल्या दिवशीच येऊन दाखल झाले होते. येताना कऱ्हाडास प्रीतिसंगमावर थांबून त्यांनी कृष्णा-कोयनेचे दर्शन घेतले होते. या दोन्ही नद्या महाबळेश्वरी उगम पावतात. कृष्णा वाईच्या बाजूस उतरते. कोयना डोंगराच्या आडोशाने दक्षिणेस जाते, हेळवाकापाशी पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास दोघी समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात. पुढे तेच पाणी सांगलीच्या घाटास लागते. तेव्हा सांगलीकर मंडळी एका अर्थी आपल्याच पाण्याच्या माहेरी निघाली होती.

पहाटे साताऱ्याहून निघून कासच्या पठारावरून बामणोलीस उतरलो. भाद्रपदात फुलांनी फुलून जाणारे ते पठार या दिवसांत पिवळ्या गवताचे व काळ्या कातळाचे असते. पठार संपून उतार लागला आणि खाली धुक्याचा एक लांबच लांब पट्टा दिसला. सूर्य वर आला तसे धुके विरत गेले व त्याच्या जागी पाणी उरले.

बामणोलीस गावकऱ्यांच्या लाँची असतात. आमचे नावाडीमामा साठीच्या पलीकडचे होते. "वासोट्याला जायचं न्हवं?" त्यांनी विचारले. कोठेच जावयाचे नाही, अपरिहार्य कारणाखेरीज काठासही लागावयाचे नाही, हे ऐकून त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले. "मग दिसभर करनार काय?" "काही नाही," आम्ही म्हणालो. "बरं," एवढेच बोलून त्यांनी सर्वांच्या अंगावर तरंगती जाकिटे चढविली आणि इंजिन सुरू केले.

जाकिट घालताना सांगलीच्या मावशींचा हात थोडा थबकला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती आणि मावशींच्या घरात पुरुषभर पाणी होते. त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे लोकांना सोडवून आणणारी नाव उलटून अनेक जीव गेले. तेव्हापासून मावशी होडीत बसल्या नव्हत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पट्टा मात्र दोनदा ओढून पाहिला.

प्रथम आम्ही उत्तरेस तापोळ्याच्या दिशेने गेलो. सोळशी, कांदाटी या नद्या कोयनेस मिळतात तो हा भाग. आता तेथे नद्या निरनिराळ्या दिसत नाहीत. डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले पाण्याचे फाटे तेवढे दिसतात. पाणी उतरू लागले होते व काठाने तांबड्या मातीची एक रेघ उघडी पडली होती, जणू डोंगरांच्या हिरव्या लुगड्यास लाल काठ. पश्चिमेकडचे रान कोयना अभयारण्याचे. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. तिकडे घर नाही, शेत नाही, धूर नाही.

पहिला तासभर कोणास स्वस्थ बसवेना. किती लांब आलो, किती वाजले, डबे केव्हा उघडावयाचे, असे प्रश्न चालू होते. तरुण मंडळींनी मोबाईल उंच धरून पाहिले; तेथे ते मुके झाले होते. मग हळूहळू एकेकाचे बोलणे थांबले. आजींची जपमाळ मांडीवर तशीच राहिली. कोणी पुस्तक उघडले ते पहिल्या पानावरच उघडे राहिले. मुले काठास रेलून पाण्यात बोटे सोडून बसली. एका वठलेल्या खोडावर पाणकावळे पंख पसरून वाळवीत होते. त्यांच्याकडे आम्ही किती वेळ पाहत होतो, ते सांगता येणार नाही. घरी असता रिकामा बसलेला माणूस आपणच आपणास दोष देतो. पाण्यावर तसे होत नाही. कारण उठून जावयास जागाच नसते.

बाराच्या सुमारास लाँच दक्षिणेस वळवून एका शांत आखातात मामांनी इंजिन बंद केले. त्या क्षणी जी शांतता पसरली, तिच्यात फळ्यांवर आपटणाऱ्या पाण्याचा बारीक आवाजही स्पष्ट ऐकू येऊ लागला. डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, सांगलीचे भडंग आणि शेवटी साताऱ्याचे कंदी पेढे. मामांनी आपली भाकरी सोडली. आमच्यातले घेतले, स्वतःचे दिले.

जेवताना कोणी तरी सहज विचारले, येथे पाणी किती खोल असेल. मामा म्हणाले, "खोल लई हाय. खाली आमची वावरं हुती." मग त्यांनी हाताने दाखविले: येथे ओढा, तेथे गावची वाट, पलीकडे देऊळ. त्यांनी ते स्वतः पाहिलेले नव्हते. वडिलांनी याच पाण्यावर बसवून त्यांस दाखविले होते. मूळचे गाव खाली, आताचे वर सरकलेले. भर उन्हाळ्यात पाणी ओसरले, की जुन्या जमिनी उघड्या पडतात व त्या गाळात लोक पीक घेतात. पाऊस आला, की त्या पुन्हा बुडतात.

कोयना धरणाचे बांधकाम १९५६ च्या सुमारास सुरू होऊन १९६४ मध्ये पुरे झाले. सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावणारा हा जलाशय धरणापासून तापोळ्याच्या पुढपर्यंत पसरला आहे. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. कोणी डोंगरावर चढले. कोणास सांगली, सोलापूर, तसेच कोकणातील जिल्ह्यांत जमिनी दाखविण्यात आल्या. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, म्हणजे ही माणसे उठून गेल्यावर. आपले हक्क मागण्यासाठी त्यांच्या मुला-नातवंडांना २०१८ सालीही कोयनानगरास ठिय्या देऊन बसावे लागले. शिवाय ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच खोऱ्यात भूकंप झाला व दोनशेच्या जवळपास माणसे दगावली.

हे सर्व कोणाच्या उपयोगी पडले, हेही सांगितले पाहिजे. या जलाशयाचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस सह्याद्रीखाली सोडतात. पोफळीकडच्या भूमिगत वीजगृहांतून ते वाशिष्ठीस मिळते व दाभोळपाशी अरबी समुद्रात जाते. कोयना प्रकल्पाची एकंदर वीजक्षमता १९६० मेगावॅट आहे. उरलेले पाणी धरणाखालून कऱ्हाडास, सांगलीस, पुढे कर्नाटक-आंध्रातून बंगालच्या उपसागरास जाते. वाटेत ताकारी, टेंभू व म्हैसाळ येथे उपसले जाऊन ते सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांची शेते भिजविते. सारांश, आमच्या लाँचेखालचे पाणी दोन्ही समुद्रांस जाणारे होते, आणि आमच्यापैकी एकाचेही घर त्याच्या उपकारावाचून राहिलेले नव्हते.

मावशी इतका वेळ ऐकत होत्या. मामांनी त्यांस विचारले, "ताई, पुराचं पानी तुमच्या घरात किती दिस हुतं?"

"आठ दिवस," मावशी म्हणाल्या. "भिंतीवर अजून खूण आहे."

"आमच्या घरात साठ वर्सं झाली," मामा म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. पुरातून सावरलेल्या माणसास पूर न ओसरलेल्या माणसाने आपली हकीकत सांगावी, तसे ते म्हणाले. मावशींनी डब्यातले शेवटचे दोन पेढे काढून त्यांच्या हातावर ठेवले, "नातवंडांना न्या," म्हणाल्या.

दुपारी लाँच तशीच उभी होती. अर्धी मंडळी झोपली. आम्ही जागे होतो, आणि विश्रांती मोडली होती असेही नाही. उलट ती अधिक खोल झाली होती. सकाळी त्या पाण्याकडे आम्ही एक देखावा म्हणून पाहत होतो. आता ते कोणाचे तरी घर होते, आणि परक्याच्या घरात माणूस जसा आवाज न करता वावरतो, तसे आम्ही बसलो होतो. कलत्या उन्हात पश्चिमेचे डोंगर निळे झाले, वासोट्याचा माथा क्षणभर उजळला आणि मामांनी इंजिन सुरू केले. बामणोलीच्या काठास उतरताना मावशींनी मामांचा हात धरला होता. जाकिटाचा पट्टा मात्र त्यांनी मघाशीच सैल केला होता.

आमच्या वाचकांस, विशेषतः वर्षभर घराचा गाडा ओढणाऱ्या भगिनींस, आमची आग्रहाची सूचना आहे, की असा एक दिवस अवश्य काढावा. त्यासाठी सातासमुद्रांची आवश्यकता नाही. पावसाळा सरला, की थंडीचे दिवस त्यास उत्तम. स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेवावा, बरोबर थोडे गरम कपडे घ्यावेत, जाकिट अंगावरून काढू नये, प्लॅस्टिकचा एक कपटाही पाण्यात पडू देऊ नये आणि पाहण्याच्या ठिकाणांची यादी घरीच ठेवावी. आपल्याकडे जुनी रीत अशी आहे, की ज्याच्या ओसरीवर विसावा घेतला, त्याचे नावगाव विचारल्याशिवाय उठू नये. शिवसागरावर गेल्यास तीच पाळावी: आपण नेमके कोणत्या गावावर तरंगत आहो, एवढे नावाड्यास विचारावे, आणि त्याने सांगितलेले नाव लक्षात ठेवावे.